झालंच समज

प्लासिड : ...आणि ही केळी आजच्या आज इथून हलवा, हरिभाऊ. उद्या ठाण्याहून जिल्ह्याचे साहेब येणार आणि टेबलावर फायली कमी, सुकेळी जास्त.

हरिभाऊ : हलवली. हलवलीच समज.

प्लासिड : परवाही हेच म्हणालात. तेव्हापासून दोन घड जास्त आलेत.

हरिभाऊ : अरे, खोली मुळात कोणाची? केळ्यांची. चाळीस वर्षं इथं राजेळी पिकतेय. गावाच्या कामांची कचेरी येऊन झाले सहा महिने. नवीन आलेल्यानं जरा सरकून बसावं.

प्लासिड : काल मी रिपोर्टवर हात ठेवला, तर हाताबरोबर रिपोर्ट उठला. तीन प्रती केल्या होत्या, एक ठाण्याला गेली, उरलेल्या दोन एकमेकींना चिकटल्या.

हरिभाऊ : म्हणजे हरवायची भीती नाही.

प्लासिड : तुम्हांला थट्टा सुचतेय. मी तीस वर्षं मुंबईला गोदीत कारकुनी केली. माझ्यामागून आलेले हेडक्लार्क होऊन गेले, मी खुर्चीसुद्धा बदलली नाही. रिटायर होऊन गावी आलो, तेव्हा तुम्हीच म्हणालात, प्लासिड, सगळ्या कामांची मिळून एक कचेरी काढू, मी अध्यक्ष, तू चिटणीस. मला वाटलं, निदान इथं तरी कचेरीसारखी कचेरी चालवून दाखवीन.

हरिभाऊ : दाखवशील. बरं, ते पायऱ्यांचं मला परत एकदा सांग. उद्या साहेबांनी अध्यक्षालाच विचारलं तर पंचाईत व्हायची.

प्लासिड : पाचव्यांदा सांगतोय. सर्क्युलर असं आहे की गावोगावच्या कचेऱ्या किती परिपक्व झाल्यात ते बघायचं आणि त्याप्रमाणे पायरी द्यायची.

हरिभाऊ : राजेळीला पेंढ्यात चार-पाच दिवस पुरतात. कचेरीला किती?

प्लासिड : ते साहेब ठरवतील. पहिली पायरी म्हणजे काम कागदावर नसतं, कोणाच्या तरी डोक्यात असतं. तो माणूस आजारी पडला की कामही पडलं.

हरिभाऊ : मटिल्डा.

प्लासिड : काय मटिल्डा?

हरिभाऊ : आपल्याकडे ते डोकं मटिल्डा मुकादमिणीचं. पुढं चल.

प्लासिड : दुसरीवर काम कागदावर येतं.

हरिभाऊ : हे तू.

प्लासिड : तिसरीवर कागद आणि काम एकमेकांना ओळखायला लागतात.

हरिभाऊ : असं लिहिलंय?

प्लासिड : इंग्रजीत जरा लांबण लावलंय, पण मतलब हाच. चौथीवर काम चुकायच्या आधीच कचेरीला कळतं.

हरिभाऊ : आणि पाचवी?

प्लासिड : पाचवी तुमच्या केळ्याखाली गेली. ते पान उघडतच नाही.

हरिभाऊ : राहू दे. तिथवर पोचायला वेळ आहे. आज आपण कुठं?

प्लासिड : पहिलीवर. आणि का, ते तुम्हांला माहीत आहे. गेल्या खेपेला साहेबांनी विचारलं, शाळेच्या खोलीवर कौलं कधी चढणार? तुम्ही म्हणालात, चढलीच समजा. साहेबांनी मान वर केली तर डोक्यावर आभाळ.

हरिभाऊ : त्या दिवशी उजेड मात्र छान होता वर्गात.

प्लासिड : हरिभाऊ, उद्या तिसरी पायरी मिळाली तर खाडीच्या बांधाचं काम आपल्या कचेरीकडे येतं. आपण ठरवू तिथं बांध, आपली माणसं, आपली देखरेख. नाही मिळाली तर तालुक्याचा माणूस येणार, भरती कुठून चढते हे न विचारता मनाला येईल तिथं बांध घालणार आणि खारं पाणी सरळ मटिल्डाच्या भातात. म्हणून म्हणतो, उद्या तुम्ही 'समजा' हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

हरिभाऊ : बरं बाबा. नाही काढला समज.

प्लासिड : हा तक्ता बघा. प्रत्येक कामापुढं तीन रकाने आखले. झालं, झालं नाही, आणि तारीख. मधला रकाना सहा महिने कोरा आहे.

हरिभाऊ : कोरा आहे म्हणजे चांगलंच की.

प्लासिड : कोरा आहे कारण कोणी लिहूच देत नाही. एकनाथमास्तरांच्या नावापुढं मी 'कौलं झाली नाहीत' एवढंच लिहिलं, तर त्यांच्या घरून पाच माणसं विचारायला आली की आमच्या घराचं काय चुकलं. मास्तरांची आत्या दोन दिवस जेवली नाही म्हणे. शेवटी खोडलं.

हरिभाऊ : खोडायलाच हवं होतं. चार घरांच्या देखत माणसाच्या नावापुढं 'नाही' लिहायचं म्हणजे काही रीत आहे का?

प्लासिड : ते जाऊ द्या. एक साकव तरी छातीठोकपणे दाखवता येईल. उद्या साहेबांची जीप त्याच साकवावरून गावात येईल, आणि ओहोळ ओलांडताच तिसरी पायरी आपल्या खिशात.

मटिल्डा : येऊ का आत? पाय मातीचे हायत.

हरिभाऊ : ये मटिल्डा, ये. शंभर वर्षं आयुष्य आहे तुला. आत्ताच तुझ्या साकवाचं कौतुक चाललं होतं.

मटिल्डा : कौतुक मागनं करा. आदी तुमचे केळीचे खांब हलवा. तुमच्या गड्यांनी साकवाच्या तोंडावरच पुरलेत. माझ्या बायांना खाली उतरायला वाट नाय.

हरिभाऊ : साहेबांच्या स्वागताची कमान आहे ती. कशी हलवू?

प्लासिड : थांब. खाली कशाला उतरायचंय, मटिल्डाबाय? साकव तर झाला.

मटिल्डा : कोन म्हनलं?

प्लासिड : कोण म्हणजे? हरिभाऊ म्हणाले.

हरिभाऊ : मी म्हणालो, पण मला मटिल्डा म्हणाली.

मटिल्डा : मी कदी म्हनले झाला? तुमी बाजारात मला विचारलंत, साकवाचं कसं काय? मी म्हनले, काम चालूय.

हरिभाऊ : आता चालू असलेलं काम आज ना उद्या होणारच. म्हणून मी प्लासिडला म्हटलं, झालंच समज.

प्लासिड : आणि मी लिहिलं, 'झालं.'

मटिल्डा : मला तरी कुटं ठावं. आलोशियस गवंडी म्हनला, कामनच्या खानीचा दगड यायचाय, आला की पूर्वेकडची भिंत उचलतो. मी म्हनले, बिचाऱ्याचं नाव कशाला खराब करा, चालूय म्हनून सांगते.

प्लासिड : म्हणजे पूर्वेकडची भिंतच नाही?

मटिल्डा : नाय.

प्लासिड : मग ती तुळई कशावर टेकलीय?

मटिल्डा : वाळूच्या पोत्यावर.

हरिभाऊ : किती पोती?

मटिल्डा : दोन. एक जरा फाटलंय.

प्लासिड : अरे देवा.

हरिभाऊ : माणसं तर जातात ना वरून?

मटिल्डा : एकेक जातं. मी दोघींना संगती जाऊ देत नाय.

प्लासिड : हरिभाऊ, ठाण्याला रिपोर्ट जाऊन आठ दिवस झाले. त्यात मी इंग्रजीत 'कम्प्लीटेड' लिहिलंय.

हरिभाऊ : लिहिलंस ते लिहिलंस.

प्लासिड : आणि पुढं 'काम उत्तम' असंही लिहिलंय.

हरिभाऊ : ते तुला कोणी सांगितलं होतं?

प्लासिड : कोणीच नाही. वाक्य उघडं वाटलं म्हणून घातलं.

मटिल्डा : म्हंजे आलोशियसनं सांगितलं येतोय, मी केलं चालूय, भाऊंनी केलं झालं, आनि तुमी केलं उत्तम. आनकी एक मानूस मदी असता तर साकवावरनं रेल गेली असती.

हरिभाऊ : घाबरू नका, घाबरू नका. मार्ग आहे. जीप साकवाच्या अलीकडेच थांबवायची. तिथं हार घालायचा, बँड लावायचा आणि साहेबांना वाजतगाजत पायी आणायचं. मान दिला असं वाटेल त्यांना.

मटिल्डा : आनि बँडवाले?

हरिभाऊ : ते पुढं चालतील.

मटिल्डा : बारा हायत. साकवावरनं बारा जन, त्यात डेल्फिनच्या नवऱ्याचा मोठा ढोल. साहेब बघत ऱ्हातील आनि बँड खाली जाईल.

हरिभाऊ : मग बँड अलीकडेच ठेवू. वाजवत राहू दे.

मटिल्डा : साहेब म्हनले, मला पायी नको, जीप घे पुढं, तर?

हरिभाऊ : बँड चालू असताना ड्रायव्हरला काय ऐकू येणार आहे? आणि वरून फळ्यांवर केळीची पानं अंथरली, खांब जरा दाट लावले, तर पोती दिसणारही नाहीत.

मटिल्डा : हरिभाऊ, तुमी मोठे हाव, मी तुमच्या पुढं बोलू नये. पन जीपीत डायवर असतो. त्याचं पन कोन तरी घरी वाट बघत असंल. पानं बघून त्यानं गाडी घातली तर?

हरिभाऊ : पुरे, मटिल्डा.

मटिल्डा : राग आला?

हरिभाऊ : राग नाही गं. लाज वाटली. पानं नको. कमानही काढतो. काढलीच सम... आत्ता गडी पाठवतो.

प्लासिड : मग साहेबांना सांगायचं काय?

मटिल्डा : झाला नाय म्हनून.

प्लासिड : तुला सोपं वाटतंय. तीस वर्षांत मी 'विचाराधीन' लिहिलं, 'प्रगतिपथावर' लिहिलं, 'योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे' तर रोज लिहिलं. 'झालं नाही' असं कधी लिहिलंच नाही. गोदीत जो लिहायचा त्यालाच ते काम गळ्यात पडायचं.

मटिल्डा : मग उद्या जीप गळ्यात पडंल. साहेब सकाळी निघनार, त्यांना गाठायला वेळ नाय. साकवाच्या अलीकडं पाटी लावा. घ्या, हे खोक्याचं झाकन. लिव्हा.

प्लासिड : दे इकडे. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदर साकवाचे काम प्रगतिपथावर असून...'

मटिल्डा : जीप थांबंपर्यंत एवढं वाचून होईल का?

प्लासिड : बरं. 'साकवाचे काम अंशतः अपूर्ण...'

हरिभाऊ : अंशतः म्हणजे, मधूनमधून साकव आहे असं वाटतं रे.

मटिल्डा : लहान लिव्हा. मोठ्या अक्षरात लहान.

प्लासिड : 'साकव झाला नाही. उतरून एकेक या.'

मटिल्डा : हां. आता कसं.

प्लासिड : बोर्ड म्हटला की खाली सही लागते.

हरिभाऊ : कचेरीचा शिक्का मार. नाव कशाला? गावात नाव निघालं की...

प्लासिड : नाही, हरिभाऊ. शिक्क्यामागं लपूनच तीस वर्षं काढली. लिहितो. 'पूर्वेची भिंत बाकी. रिपोर्ट चुकीचा गेला. प्लासिड, चिटणीस.' झालं. तिसरी पायरी गेली.

हरिभाऊ : गेली?

प्लासिड : जाणारच. खोटा रिपोर्ट दिला म्हणून आपणच पाटी लावतोय. वाईट वाटतंय हो. फार वाईट वाटतंय. कोट इस्त्रीला दिला होता मी उद्यासाठी.

हरिभाऊ : पेन दे.

प्लासिड : कशाला?

हरिभाऊ : 'झालं' हे मी बोललो होतो. एकट्या तुझं नाव तिथं उन्हात का उभं राहील? हे घे. हरिश्चंद्र, अध्यक्ष.

मटिल्डा : माझा अंगठा कुटं घेता?

(दुसऱ्या दिवशी, दुपारचे बारा. तीच कचेरी. प्लासिड इस्त्रीचा कोट घालून टेबलाशी बसला आहे.)

प्लासिड : आलात? साहेब कुठं आहेत? मागं आहेत का? ही खुर्ची पुसून ठेवलीय, फायली तारखेप्रमाणे लावल्यात...

हरिभाऊ : बस, प्लासिड. साहेब गेले.

प्लासिड : गेले? कचेरी न बघता?

मटिल्डा : साकवापाशीच दीड तास गेला त्यांचा. पुढं अजून दोन गावं होती.

प्लासिड : एकही फाईल बघितली नाही?

हरिभाऊ : नाही.

प्लासिड : मी नऊ वाजल्यापासून कोट घालून बसलोय. उकडून अर्धा झालो. नीट पहिल्यापासून सांगा.

हरिभाऊ : जीप आली. ड्रायव्हरनं पाटी वाचली आणि थांबवली. साहेब उतरले, त्यांनीही वाचली. मग मागं गेले, चष्मा पुसला, परत वाचली.

प्लासिड : चिडले?

हरिभाऊ : मलाही कळेना. मग म्हणाले, हे कोणी लिहिलं? मी म्हटलं, खाली तीन नावं आहेत. म्हणाले, रिपोर्टमध्ये तर 'काम उत्तम' आहे.

प्लासिड : आलंच ते.

हरिभाऊ : मी म्हटलं, साहेब, तो रिपोर्ट लिहिला प्लासिडनं, पण बोललो मी. मला विचारा.

प्लासिड : असं म्हणालात? साहेबांना?

हरिभाऊ : मग काय करतो? तू इथं कोट घालून बसलेलास.

प्लासिड : हरिभाऊ...

हरिभाऊ : पुढं ऐक. मटिल्डा म्हणाली, साहेब, वरून काय दिसणार, खाली चला. आणि साहेब चक्क बूट काढून ओहोळात उतरले.

मटिल्डा : पोती बघितली. फाटकं पोतं हातानं दाबून बघितलं. मग डायवरला म्हनले, तू पन खाली ये, बघ आपन कशावरनं जानार होतो. तो बिचारा कपाळाला हात लावून ऱ्हायला.

प्लासिड : मग?

मटिल्डा : मग मला विचारलं, कदी होईल? मी म्हनले, कामनच्या दगडाची गाडी गुरवारी. शनवारपर्यंत भिंत. रविवारी चर्चमदी मिस्सा, आमचं कोन येनार नाय. सोमवारी अमावास्या, भाऊंकडचे गडी येनार नाय. मंगळवारी तुळई बसवनार, चुना सुकायला आठ दिवस, आनि त्याच्या पुढच्या बुदवारी गाडी.

प्लासिड : माझ्या तक्त्यात ना रविवार धरलाय ना अमावास्या.

मटिल्डा : म्हनून तर तुमच्या तारखेला कदी कोन आलं नाय.

प्लासिड : आत्तापर्यंत सांगितलं का नाहीस?

मटिल्डा : तुमी एवढं पट्टीनं आखलेलं. वाईट वाटलं असतं तुमाला.

प्लासिड : बरं, साहेब काय म्हणाले यावर?

हरिभाऊ : काही नाही. वहीत सगळं उतरवून घेतलं. अमावास्यासुद्धा. मग ही चिठ्ठी दिली तुझ्यासाठी. इंग्रजीत आहे, आम्ही उघडली नाही.

मटिल्डा : उघडली, पन वाचता नाय आली.

प्लासिड : द्या... 'कचेरीस दुसरी पायरी देण्यात येत आहे.'

हरिभाऊ : दुसरी.

मटिल्डा : तिसरी नाय?

प्लासिड : थांबा, खाली अजून आहे. 'मटिल्डाबाईंनी सांगितलेल्या बुधवारी मी जीपने स्वतः येईन. जीप गेल्यास तिसऱ्या पायरीचा आणि खाडीच्या बांधाचा विचार त्याच दिवशी करू. जाणार नसेल तर पाटी लावावी.'

मटिल्डा : म्हंजे बांध गेला नाय?

प्लासिड : अजून तरी नाही. बुधवारपर्यंत आपल्याकडेच आहे.

हरिभाऊ : मग तू परत परत काय वाचतोयस?

प्लासिड : काही नाही. तीस वर्षांत मी एक पायरी वर चढलो, ती ही पहिलीच.

हरिभाऊ : अरे, डोळे पूस. रिकाम्या हातानं पाठवलं नाही बरं का त्यांना. सुकेळी दिली बांधून. खूश झाले.

प्लासिड : कशात बांधून दिलीत?

हरिभाऊ : बांधायला केळीची वाळकी सोप सापडत नव्हती. इथलाच वरचा एक कागद घेतला काल.

प्लासिड : कुठला वरचा?

हरिभाऊ : तोच. 'काम उत्तम'वाला.

प्लासिड : म्हणजे रिपोर्टच्या आपल्याकडच्या प्रतीही ठाण्याला गेल्या?

मटिल्डा : केळ्याला चिकटलेला हाय. सुटायचा नाय.

प्लासिड : बरं. असू दे. खडू कुठंय? तक्त्यावर लिहितो. साकव. रकाना दुसरा, 'झालं नाही.' तारीख, बुधवार. आणखी काय आहे?

मटिल्डा : शाळेची कौलं.

प्लासिड : मास्तरांच्या घरून माणसं येतील परत.

मटिल्डा : येऊ देत. साकवापुढं माझं नाव घाला, आनि त्येंचं त्याच्या खाली. माझ्या खाली बसायला त्येंना काय लाज?

प्लासिड : लिहिलं. आणि हरिभाऊ, ही केळी. हलवणार होतात.

हरिभाऊ : हलवलीच स...

प्लासिड : बोला ना.

हरिभाऊ : नाही हलवली, प्लासिड. आणि खरं विचारशील तर हलवणारही नाही. त्यांना इथलीच ऊब मानवते.

प्लासिड : हे सहा महिन्यांपूर्वी सांगितलं असतंत तर?

हरिभाऊ : तुला वाईट वाटलं असतं.

प्लासिड : मटिल्डाबाय, टेबलाचं ते टोक जरा धर. आपणच सरकवू.